पिवळ्या फांदीचा प्रवास

पंजाबातल्या लायलपूरच्या शेतकी महाविद्यालयात १९२० च्या दशकात महंमद अफझल हुसेन आणि दीना नाथ हे दोन कीटकशास्त्रज्ञ एका किड्याच्या पाठीस लागले होते. किडा जेमतेम तीन-चार मिलिमीटरांचा. पंख तपकिरी, ठिपक्यांचे. पानावर डोकं खाली आणि मागचा भाग वर करून असा तिरपा बसतो, की नुसत्या बसण्यावरून ओळखता यावा. अंडी घालायला त्याला कोवळी नवतीच लागते; अजून न उलगडलेल्या पानांच्या घडीत एकेक मादी शेकडो अंडी घालते. पिल्लं चपटी, पिवळट-केशरी. रस शोषता शोषता ती मागून मेणाचे बारीक पांढरे दोरे सोडत राहतात. शेतकरी या किड्याला आज सिट्रस सिला म्हणतात. कुवायामा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तैवानमधल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. लिंबूवर्गाबाहेर त्याला फारसं काही चालत नाही. जे चालतं त्यात आपल्या अंगणातली कुंती आणि परसातला कढीपत्ता येतो, कारण दोन्ही त्याच कुळातली झाडं.

हुसेन आणि नाथ यांनी १९२७ मध्ये या किड्याचं सगळं चरित्र छापलं. ते वाचताना आज अंगावर काटा येतो. किडा लागलेल्या झाडांचे शेंडे वाळतात, फळं रसहीन आणि बेचव होतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. एवढासा किडा एवढं मोठं झाड कसं खचवतो, हे कोडं त्यांनाही पडलं होतं. रस शोषताना तो झाडात काहीतरी विष सोडत असावा, असा त्यांचा कयास होता. कयास अर्धा बरोबर होता. किडा झाडात काहीतरी सोडत होताच, फक्त ते विष नव्हतं. ते जिवंत होतं, वाढणारं होतं, आणि ते दिसायला अजून ४३ वर्षं जायची होती.

त्याच्या काही वर्षं आधी दक्षिण चीनमध्ये ऑटो राइनकिंग नावाचा अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ फिरत होता. १९१९ च्या आपल्या अहवालात त्याने संत्र्याच्या झाडावरच्या पिवळ्या फांदीची नोंद केली. हिरव्यागार झाडात मधूनच एखादी फांदी पिवळी पडते, एवढंच. हा आजार फारसा महत्त्वाचा नाही असं त्याला वाटलं. १९३६ पर्यंत तो त्या मुलखातला गंभीर रोग झाला होता. ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर चाओशान नावाचा संत्र्यांचा जुना पट्टा आहे. तिथले शेतकरी या रोगाला म्हणत ते ‘हुआंगलोंगबिंग’ हे नाव पुढे १९९५ मध्ये साऱ्या जगाने अधिकृत म्हणून मान्य केलं.

चाओशानला चिनी वनस्पतिरोगतज्ज्ञ लिन कोंगशियांग गेला १९४० च्या दशकात. युद्ध, यादवी, राजवट बदललेली, आणि हा माणूस बागाबागांतून हिंडत शेतकऱ्यांना विचारतो आहे की पहिलं झाड कधी गेलं, शेजारचं कधी, रोपं कुठून आणली होती. त्याच्या आधी या रोगाला अनेक कारणं चिकटवून झाली होती. कोणी म्हणे पाणी साचतं, कोणी म्हणे मातीत बुरशी आहे, कोणी म्हणे खत कमी पडतं. लिनने आजारी झाडाची डोळकाडी घेऊन निरोगी रोपांवर डोळे भरले. रोपं आजारी पडली. मातीचा दोष असता तर एका डोळ्यातून तो दुसऱ्या झाडात गेला नसता. रोग संसर्गजन्य आहे आणि तो कलमातून जातो, हे त्याने सिद्ध केलं आणि १९५६ मध्ये चिनी भाषेत छापलं. चीनबाहेर ते जवळजवळ कोणी वाचलं नाही. वनस्पतिरोगांच्या इतिहासातली ही मला सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. उत्तर हाताशी असूनही पुढची दहा वर्षं बाकीचं जग तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवत बसलं.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या बागांत १९२८-२९ पासून तशीच पिवळी फांदी दिसत होती. फळाचा देठाकडचा भाग आधी रंगायचा आणि खालचा हिरवाच राहायचा, म्हणून तिथे रोगाला ‘ग्रीनिंग’ म्हणू लागले. १९३७ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध मातीतल्या क्रोमियम आणि मँगनीजच्या विषबाधेशी लावला. पुन्हा मातीच! याचं कारण समजण्यासारखं आहे. ग्रीनिंगचं पान पाहिलं तर आधी जस्ताची कमतरताच आठवते. फरक बारीक आहे. जस्त कमी पडलं की पिवळेपणा पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा उमटतो. ग्रीनिंगमध्ये तो डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला वेगळाच, शिरा ओलांडून जाणाऱ्या डागांसारखा पसरतो. ज्याला हा फरक माहीत नाही तो जस्ताची फवारणी करतो, झाड थोडं हिरवं झाल्यासारखं वाटतं, आणि एक वर्ष हातचं जातं.

भारतात तर अशी वर्षं नव्हे, पिढ्या गेल्या. संत्र्या-मोसंबीच्या बागा आठ-दहा वर्षं झकास फळतात आणि मग उतरणीला लागतात, शेंडे वाळत खाली येतात, हे नागपूरकडे, दख्खनमध्ये, कूर्गला, आसामला सगळीकडे दिसत होतं. त्याला ‘डायबॅक’ म्हणत, आपल्याकडे शेंडेमर. चुनखडीची जमीन, निचऱ्याचा अभाव, चुकीचा खुंट, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सूत्रकृमी अशी कारणांची भली मोठी यादी होती. यातली बरीच कारणं खरीही होती, कारण बाग एकाच दुखण्याने मरते असं नाही. पण खऱ्या कारणांच्या त्या गर्दीत मुख्य कारण लपून राहिलं.

ते बाहेर काढण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो महाराष्ट्रात फारसा कोणाला ठाऊक नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं वनस्पती विषाणू संशोधन केंद्र पुण्यात होतं. तिथे एस. पी. कपूर लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासावर वर्षानुवर्षं काम करत होते. ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर भारतात आल्या, त्यांनी बागा पाहिल्या, आणि १९६६ मध्ये फ्रेझर, सिंह, कपूर आणि नरियानी यांनी मिळून लिहिलं की भारतातल्या डायबॅकचं संभाव्य कारण ग्रीनिंग हेच आहे. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत मॅकक्लीन आणि ओबरहोल्झर यांनी दाखवलं होतं की तिथला ग्रीनिंग कलमातून जातो आणि तिथला एक सिला त्याचा वाहक आहे. पण आफ्रिकेतला सिला वेगळ्या जातीचा. त्याला थंड डोंगराळ हवा लागते, आणि तिथला रोगही उष्ण हवेत मंदावतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकणारा रोग कोण पसरवतं?

कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी तो किडा पकडून आणला, लायलपूरवाल्यांचाच. आजारी झाडांवर त्याला चरू दिलं, मग निरोगी रोपांवर सोडलं आणि वाट पाहिली. अशा प्रयोगात मुख्य काम वाट पाहण्याचंच असतं. रोग झाडात शिरल्यावर लक्षणं दिसायला कित्येक महिने लागतात, मोठ्या झाडात वर्षंही. किडा न चावलेली रोपं शेजारीच हिरवी उभी असतात. शेवटी चावलेली रोपं पिवळी पडली, आणि १९६७ मध्ये पुण्याच्या या तिघांनी जाहीर केलं की भारतातल्या ग्रीनिंगचा वाहक सिट्रस सिला आहे. त्याच वर्षी फिलिपाइन्समधून मार्टिनेझ आणि वॉलेस यांनीही तेच दाखवलं. हुसेन आणि नाथ यांच्या प्रबंधाला तेव्हा ४० वर्षं झाली होती.

तोवर सगळे याला विषाणू समजत होते. १९७० मध्ये फ्रान्समध्ये लाफ्लेश आणि जोसेफ बोव्हे यांनी आजारी पानाच्या शिरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्यांत लांबोळक्या पेशी दिसल्या. विषाणूपेक्षा खूप मोठ्या, आणि फक्त त्या नळ्यांतच. पुढच्या काही वर्षांत त्यांना जिवाणूंसारखी भिंत असल्याचं कळलं, पेनिसिलीनने त्या दबतात हे दिसलं, आणि १९९४ मध्ये बोव्हे यांच्याच गटाने जनुकीय ओळख पटवून त्यांना लिबेरिबॅक्टर या गटात नेऊन ठेवलं. मात्र प्रयोगशाळेच्या बशीत हा जिवाणू आजवर नीट वाढवता आलेला नाही. त्यामुळे रोगजंतू वेगळा काढायचा, शुद्ध वाढवायचा आणि परत टोचून रोग दाखवायचा ही जुनी कसोटी या रोगाला पूर्णपणे लावताच आली नाही. जगातल्या एका मोठ्या फळपिकाचा हा वैरी झाडात आणि किड्यात सोडून कुठेच धड जगत नाही.

झाडात तो करतो काय? नळ्या तुंबतात. त्यातलं पुष्कळसं तुंबणं झाडाच्याच प्रतिकारातून होतं. पान साखर बनवत राहतं, पण ती खाली जात नाही. पानात तिचं पिष्ट साचतं, पान जाड आणि चिवट होतं. खाली मुळं उपाशी मरतात. वरून पाहणाऱ्याला फांदी पिवळी दिसते, तेव्हा जमिनीखालची बारीक मुळं बरीचशी गेलेली असतात. फळ उभं कापलं तर मधला अक्ष वाकलेला, एक बाजू फुगीर आणि एक खुरटी, बिया काळपट आणि पोचट. चव कडवट-खारट. असं फळ पिकण्याआधीच गळतं.

औषध शोधलं गेलं नाही असं नाही. कपूर यांनी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नाव मिळवलेल्या एम. जे. तिरुमलाचार यांच्यासोबत १९७३ मध्ये प्रतिजैविकांनी आजारी झाडं सुधारल्याचा अहवाल दिला. दक्षिण आफ्रिकेत खोडाला भोकं पाडून टेट्रासायक्लिन सोडलं गेलं. झाडं हिरवी झाली, पण दर वर्षी पुन्हा टोचावं लागे, खोडाला इजा होई, आणि तो मार्ग मागे पडला. दरम्यान फिलिपाइन्समध्ये १९६१ ते १९७० या काळात लिंबूवर्गाखालचं क्षेत्र ६० टक्क्यांहून अधिक घटलं. इंडोनेशियात त्याच दशकात किमान ३० लाख झाडं गेली.

एका ठिकाणी मात्र माणसांची सरशी झाली. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर १९७८ मध्ये भारतातून एक बारीक गांधीलमाशी नेण्यात आली, तामारिक्सिया राडिआटा. ती सिलाच्या पिल्लाखाली अंडं घालते, तिची अळी पिल्लाला पोखरून खाते. बेट छोटं होतं आणि या माशीचे स्वतःचे शत्रू तिथे नव्हते. तिथे सिलाचा बंदोबस्त झाला आणि बागा परत उभ्या राहिल्या. ही माशीही शास्त्राला प्रथम कळली ती लायलपूरहून, १९२२ मध्ये.

आता फ्लोरिडा. तिथली कथा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे सगळं माहीत असून घडलं.

जून १९९८ मध्ये फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर पाम बीच परगण्यात हा किडा पहिल्यांदा सापडला. बागेत नव्हे, घरांच्या कुंपणाच्या कुंतीवर. कुंती तिथे शोभेचं झाड म्हणून फार लोकप्रिय होती. दक्षिणेतल्या रोपवाटिकांत कुंड्या भरायच्या, ट्रक निघायचे आणि राज्यभरच्या दुकानांत त्या मांडल्या जायच्या. सरकारी कीटकतज्ज्ञ सुसन हॅल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानांतल्या कुंत्या तपासल्या, तेव्हा विकायला ठेवलेल्या रोपांवरच सिला बसलेले आढळले. पंखांनी त्या किड्याला जे अंतर कापायला वर्षं लागली असती, ते त्याने ट्रकमध्ये बसून काही दिवसांत कापलं. हॅल्बर्ट आणि केरेमने मंजुनाथ यांनी आशियातलं आणि आफ्रिकेतलं सगळं जुनं संशोधन चाळून २००४ मध्ये फ्लोरिडावरच्या संकटाचा सविस्तर आढावा छापला. हुसेन आणि नाथ यांचं काम, पुण्याचं काम, सगळं त्या आढाव्यात आलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, मायामीच्या दक्षिणेला एका पपनसाच्या झाडावर रोग सापडला. शोध सुरू झाला तेव्हा तो परसापरसांत आधीच पोचलेला होता.

झाडं तोडायला हवी होती. पण फ्लोरिडाने नुकतीच तोडणी पाहिली होती. कँकर या दुसऱ्या जिवाणूजन्य रोगासाठी १९९५ पासून सरकारने मोहीम चालवली होती. पुढे तर एक आजारी झाड सापडलं की त्याच्याभोवती १,९०० फुटांतलं लिंबूवर्गाचं प्रत्येक झाड तोडायचं, मग ते कोणाच्या दारातलं का असेना. एक कोटी साठ लाखांहून अधिक झाडं गेली, लोक कोर्टात गेले, आणि २००४-०५ च्या चक्रीवादळांनी कँकर असा उधळला की जानेवारी २००६ मध्ये मोहीमच गुंडाळावी लागली. सरकारकडे आता पुन्हा करवत उचलण्याची नैतिक ताकद उरली नव्हती. बागाईतदारांकडेही झाड दिसायला बरं असताना ते जाळण्याचं धैर्य नव्हतं, आणि त्यांना मी दोष देणार नाही. सात-आठ वर्षं वाढवलेलं, अजून फळ देणारं झाड एका पानावरच्या डागासाठी मुळासकट उपटणं हे बोलायला सोपं आहे. पुष्कळांनी पानांवर अन्नद्रव्यांची फवारणी करून झाडं तगवायचा मार्ग धरला. १९३७ च्या ट्रान्सवालसारखं पुन्हा झाडाला काय कमी पडतं याकडेच लक्ष गेलं. प्रत्येक तगवलेलं आजारी झाड शेजारच्या बागेसाठी रोगाचं कोठार ठरलं.

२००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, एकेक पेटी जवळपास ४१ किलोंची. २०२४-२५ मध्ये त्या सव्वा कोटीही भरल्या नाहीत. वादळं आली, जमिनी घरांसाठी विकल्या गेल्या, हे खरं. पण कंबर मोडली ती या रोगाने. आणि २०२२ मध्ये फ्लोरिडाने कशाला परवानगी दिली? खोडात ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचायला. दक्षिण आफ्रिकेने केव्हाच सोडून दिलेल्या उपायाच्याच घरातला हा उपाय.

ब्राझीलने वेगळी वाट धरली. साओ पाउलो राज्यात रोग २००४ मध्ये सापडला, फ्लोरिडाच्या एक वर्ष आधी. तिथे कायद्याने तपासणी आणि आजारी झाडाची तोड सक्तीची झाली. मोठ्या बागांनी ती केली, लाखो झाडं उपटली, आणि तिथला धंदा कोसळला नाही. पण छोटे बागाईतदार आणि सोडून दिलेल्या बागा यांच्यातून किडा येतच राहिला. २०२४ च्या पाहणीत तिथल्या मुख्य पट्ट्यातली ४४ टक्के झाडं रोगी निघाली.

कॅलिफोर्नियात किडा २००८ मध्ये आणि रोग २०१२ मध्ये आला, तोही लॉस एंजेलिसच्या एका घराच्या परसात. त्याआधी २००९ मध्ये फ्रेस्नोला भारतातून आलेल्या सामानात वास घेणाऱ्या कुत्र्याने कढीपत्ता हुडकला होता. त्या पानांवर सिला होते, आणि सिलामध्ये जिवाणू. अमेरिकेतल्या आपल्या घरांत फोडणीसाठी आणलेली एक जुडी कस्टमवाले का फेकून देतात याचा राग येतो, पण त्यांची बाजू ही आहे. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क हॉडल सिलाचा शत्रू शोधायला पाकिस्तानी पंजाबात गेले. त्यांनी तिथून तामारिक्सिया आणली आणि २०११ च्या अखेरीस ती कॅलिफोर्नियात सोडली. ती माशी त्यांनी गोळा केली फैसलाबादहून. फैसलाबाद म्हणजे १९७७ पर्यंतचं लायलपूर.

विदर्भात वरूड-मोर्शीच्या बागांना हा रोग नवा नाही. आपल्याकडे तो फ्लोरिडासारखा एका झटक्यात आला नाही; तो पूर्वीपासून शेंडेमरीच्या गर्दीत मिसळून आहे, म्हणून त्याची बातमी होत नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत शेंड्याचं अगदी टोक, मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं, कापून सूक्ष्मदर्शकाखाली खुंटावर बसवलं जातं. त्या टोकात अन्नरसाच्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून जिवाणू तिथवर पोचलेला नसतो, आणि त्यातून वाढणारं झाड निरोगी मातृवृक्ष होऊ शकतं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटींची स्वच्छ रोप योजना मंजूर केली आणि संत्र्यासाठीचं केंद्र नागपूरला दिलं. ते चांगलंच झालं. पण निरोगी मातृवृक्षाची डोळकाडी उघड्यावर भरली तर ती पहिल्याच नवतीला किड्याच्या तावडीत सापडते. साओ पाउलोत लिंबूवर्गीय कलमं किडारोधक जाळीच्या आतच तयार करण्याची सक्ती २००३ पासून आहे, ग्रीनिंग तिथे पोचण्याच्याही आधीपासून. आपल्या संत्रापट्ट्यात बहुतेक कलमं आजही मोकळ्या वाफ्यांत भरली जातात, आणि जून-जुलैची नवती फुटली की सिला त्यांच्यावरही उतरतो.